पहिल्यासारखं, पण पहिलं नको

एखाद्या बँडचा पहिला अल्बम गाजला की दुसऱ्याबद्दल लोक काय बोलणार, हे जवळपास ठरलेलं असतं. तो पहिल्यासारखा निघाला तर ‘तेच दळण पुन्हा दळलंय’, आणि वेगळा निघाला तर ‘यांना झालंय तरी काय?’ या दोन तक्रारी करणारी माणसं वेगवेगळी असती तर आवडीनिवडीचा प्रश्न म्हणून सोडून देता आलं असतं. पण बहुतेक वेळा ती एकच माणसं असतात, आणि दोन्ही तक्रारी तितक्याच मनापासून करतात. याचा सगळ्यात उघडावाघडा नमुना पाहायचा असेल तर पॉवर मेटलच्या श्रोत्यांकडे जावं.

हा प्रकार ज्यांच्या कानांवरून गेला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आयर्न मेडन, जुडास प्रीस्ट या इंग्लिश बँडांनी जी वाट पाडली, तिच्यावरून ऐंशीच्या दशकात जर्मन पोरं सुसाट सुटली आणि त्यातून पॉवर मेटल घडलं. दोन गिटारी जोडीनं, सुरात सूर मिळवून धावतात. ड्रम वाजवणाऱ्याचे दोन्ही पाय खालच्या मोठ्या ड्रमवर अखंड चालू. गायक टिपेला. आणि ध्रुवपद असं की मैदानातल्या वीस हजार माणसांना पहिल्या ऐकण्यात पाठ व्हावं. शब्दांत तलवारी, ड्रॅगन, लांबचे प्रवास, अंधारावर उजेडाची सरशी. काळंकभिन्न, जहाल मेटल ऐकणारे याला बालिश म्हणून हसतात. हसोत. पोवाडा ऐकताना आपण कधी शाहिराकडे वास्तववाद मागितलेला नाही.

ग्वाल्हेरच्या माधवगंजात बसून हे लिहिण्याला कारण आहे. या शहराला २०२३ साली युनेस्कोनं संगीतनगरी ठरवलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून हे गाव एकाच प्रश्नाशी झटत आलंय: तीच चीज दुसऱ्यांदा ऐकताना ऐकणाऱ्यानं नेमकं काय ऐकायचं? पॉवर मेटलवाल्यांचं जे भांडण आहे त्याची पूर्वपीठिका इथल्या लष्कर या भागातल्या गल्ल्यांत सापडते, असं माझं म्हणणं आहे.

आधी भांडण कसं होतं ते पाहू. माझा एक भाचा कॉलेजात आहे आणि या संगीतात आकंठ बुडालेला आहे. इथं जन्मलेल्या मराठी पोरांसारखी त्याची मराठी हिंदीत भिजलेली. एका संध्याकाळी माडीवर त्यानं मला समोर बसवलं, मोबाइल स्पीकरला जोडला आणि ड्रॅगनफोर्स या लंडनच्या बँडचं ‘थ्रू द फायर अँड फ्लेम्स’ लावलं. २००६ च्या ‘इनह्यूमन रँपेज’ या अल्बममधलं गाणं, सात मिनिटांहून लांब, आणि लय अशी की बोटांनी ताल धरू म्हटलं तर बोटं थकावीत. पोराचे दोन्ही तळपाय चपलांवर थडथडत होते, डोळे मिटलेले. गिटारची लांबलचक तानबाजी संपली तेव्हा त्यानं श्वास सोडला. मग त्याच बँडचा २००८ चा ‘अल्ट्रा बीटडाउन’ लावला. दोन गाणी झाली आणि त्यानं पुढचं बंद केलं.

“मामा, काही फर्क कळला का?”

“नाही.”

“तेच तर. कॉपी मारलीये.”

मग फिनलंडचा सोनाटा आर्क्टिका. १९९९ चा त्यांचा पहिला अल्बम ‘एक्लिप्टिका’ म्हणजे त्याच्या लेखी शेवटचा शब्द. नंतर २००७ चा ‘युनिया’: लय मंदावलेली, रचना वळणावळणाची, सूर उदास. मला तो बरा वाटला. भाच्यानं तोंड वाकडं केलं. “हे त्यांचं गाणंच नाहीये, मामा.” मग तुला हवं तरी काय, असं विचारल्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, “पहिल्यासारखं. पण पहिलं नको.”

या उत्तरावर हसायला येतं खरं, पण ते मूर्खपणाचं नाही. शंभर वर्षांपूर्वीचा मराठी नाटकवेडा प्रेक्षक याहून वेगळं काय मागत होता? संगीत नाटकात पद संपलं की पिटातून ‘वन्समोअर’ची आरोळी उठायची. मागणी त्याच पदाची. पण बालगंधर्वांनी तेच पद हुबेहूब तसंच पुन्हा म्हटलं असतं तर थिएटर चुळबुळलं असतं. जुनी माणसं सांगायची ती गोष्ट अशी की प्रत्येक वन्समोअरला जागा निराळी, हरकत निराळी, आणि म्हणून आणखी एक वन्समोअर. पद तेच राहायचं, पण दर वेळी नव्यानं घडायचं, आणि प्रेक्षकाला दोन्ही मिळायचं.

ग्वाल्हेर घराण्यानं हाच व्यवहार कितीतरी बारकाईनं बांधला. या गायकीला अष्टांग म्हणतात. आलाप, बोलआलाप, बहलावा, तान, बोलतान, मींड, गमक, लयकारी अशी तिची अंगं मोजतात, मोजणीत माणसागणिक थोडा फरक पडतो. राग बहुतेक सगळ्यांच्या ओळखीचे. अनवट राग काढून श्रोत्याला चकित करणं ही या घराण्याची रीत नव्हे. अस्थायी-अंतरा आधी स्वच्छ मांडायचा, मग भरायला घ्यायचं. कृष्णराव शंकर पंडित १८९३ ते १९८९ इतकं दीर्घ जगले, १९१४ साली त्यांनी लष्करात शंकर गांधर्व विद्यालय काढलं, आणि आयुष्यभर वडिलांकडून, म्हणजे शंकरराव पंडितांकडून, आलेली गायकी गायले. त्यांनी तीच चीज पुन्हा घेतली म्हणून इथल्या श्रोत्यानं कधी कुरकुर केल्याचं मी ऐकलेलं नाही. ‘आज भरणी कशी झाली’ एवढंच बोललं जायचं. इथल्या तानसेन समारोहाची सुरुवात आजही तानसेनच्या समाधीपाशी सकाळी ढोलीबुवांच्या हरिकथेनं आणि मिलादनं होते. हरिकथेत पुढं काय होणार हे ऐकणाऱ्याला माहीत असतं, आणि ते माहीत असल्यामुळेच तो बुवा कुठं थांबतात, कुठं वळतात ते ऐकू शकतो.

आता पॉवर मेटलकडे पाहा. ठरलेली लय, ठरलेला आवाजाचा पल्ला, ठरलेली जोडगिटार, ठरलेलं ध्रुवपद. ही सरळसरळ घराण्याची लक्षणं आहेत. त्याचा श्रोतासुद्धा घराण्याचा श्रोता आहे. अंगं त्याला तोंडपाठ असतात, कुठं काय यायला हवं ते तो आधीच ओळखतो. पण निकाल देताना मात्र तो अचानक कादंबरीच्या समीक्षकाचा पंचा खांद्यावर टाकतो आणि विचारतो, ‘यात नवीन काय?’ माझं भांडण इथं आहे. घराण्यासारखं ऐकायचं आणि बाजारासारखं तोलायचं, हे जमणार नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो चांगला आक्षेप आहे. बैठक संपली की हवेत विरते. कालचा यमन आज कुणाजवळ नसतो, म्हणून आजचा यमन हवासा वाटतो. अल्बमचं तसं नाही. पहिला कपाटात आहे, आता तर खिशात आहे. तो हवा तेव्हा हवा तितका ऐकता येत असताना तसाच दुसरा कशाला? पदरचे पैसे घालणाऱ्यानं हे विचारलं तर त्यात गैर काय?

गैर काहीच नाही. मात्र या आक्षेपातच रोगाचं मूळ दिसतं. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक गाइसबर्ग कलकत्त्याला आला, गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरलं, आणि तेव्हापासून गाण्याची एक प्रत कायमची गोठली. तीन मिनिटांत बसवलेली ती प्रत नमुना झाली. तबकड्या घरोघर गेल्या तशी मैफलीत फर्माइश यायला लागली ती तबकडीतल्या गाण्याची, तबकडीतल्यासारखीच. गवई पुढं गेला होता, श्रोता तबकडीपाशी उभा होता. आणि खरं म्हणजे श्रोताही तिथं उभा नसतो. तो वयानं वाढतो, लग्न करतो, टकला होतो. गोठलेलं फक्त गाणं. दुसऱ्या अल्बमची तुलना पहिल्या अल्बमशी होतच नाही. ती पहिला अल्बम ऐकताना आपण जे होतो त्याच्याशी होते, आणि ही शर्यत कोणताही बँड जिंकू शकत नाही.

मराठीत याची दोन उदाहरणं एकमेकांसमोर ठेवण्यासारखी आहेत. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० मध्ये आलं आणि पुण्याला वेड लागलं. पाठोपाठ १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आलं, आणि लोकांनी पहिल्याच्या नावानं दुसऱ्याला मारलं नाही. उलट ‘सौभद्र’ अधिक लाडकं झालं. ‘शाकुंतल’ तेव्हा कुणाच्या कपाटात नव्हतं, हे त्याचं एक कारण असावं. दुसरं उदाहरण ‘गीतरामायणा’चं. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षाहून थोडा अधिक काळ आठवड्याला एक अशी छप्पन्न गीतं झाली आणि नंतर ती ध्वनिमुद्रिकांतून घरात येऊन बसली. पुढं ती गीतं लिहिणाऱ्या गदिमांनीच सी. रामचंद्रांना घेऊन ‘गीतगोपाल’ केलं. ते वाईट आहे असं मला कुणी कधी सांगितलेलं नाही. ते ऐकलेलीच माणसं मला फार थोडी भेटली. जागा आधीच भरलेली होती, एवढाच त्याचा दोष.

पॉवर मेटलमध्ये ही जागा हॅलोवीन या हॅम्बुर्गच्या बँडनं भरली. ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’चा पहिला भाग १९८७ मध्ये आला, दुसरा १९८८ मध्ये. बँडला खरं तर एकच जोडअल्बम काढायचा होता. कंपनी तयार झाली नाही म्हणून दोन झाले. म्हणजे ज्या दुसऱ्या अल्बमला जगभरच्या चाहत्यांनी डोक्यावर घेतलं, तो मुळात दुसरा नव्हताच. एकाच वेळच्या कल्पनांचा तो उरलेला अर्धा भाग होता. काय हान्सेन या गिटारवाल्यानं दुसऱ्या भागात ‘आय वाँट आउट’ लिहिलं आणि थोड्याच दिवसांत तो खरोखरच बँड सोडून गेला. त्यानंतरचा १९९१ चा ‘पिंक बबल्स गो एप’ चाहत्यांना थट्टेचा विषय वाटला. १९९३ च्या ‘कॅमेलिऑन’मध्ये त्यांनी घराणंच बदललं, फुंकून वाजवायची वाद्यं, संथ गाणी, मेटल नावापुरतं. चाहत्यांनी पाठ फिरवली, गायक मिखाएल किस्के बाहेर पडला. १९९४ साली आंडी डेरिस या नव्या गायकासह ‘मास्टर ऑफ द रिंग्ज’ आला तेव्हा लोक म्हणाले, आले घरी परत.

‘कॅमेलिऑन’ची ही गोष्ट सांगून लोक निष्कर्ष काढतात की घराणं सोडलं की संपलं. मला हा निष्कर्ष मंजूर नाही, आणि याचं कारण ग्वाल्हेरहून फार लांब नाही, देवासला आहे. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तसंच गायचे. सात-आठ वर्षांच्या पोराच्या गळ्यातून तबकडी जिवंत होते हे पाहून लोक तोंडात बोटं घालायचे. मग देवधर मास्तरांकडे रीतसर शिक्षण, म्हणजे विष्णु दिगंबरांकडून आलेली ग्वाल्हेरचीच धारा. १९४७ च्या सुमारास क्षयानं गाठलं, १९४८ मध्ये देवासला येऊन खाटेवर पडले, काही वर्षं गाणं बंद. परत आले तेव्हा श्वास छोटा झाला होता आणि गाणं पार बदललेलं होतं. माळव्याची लोकगीतं, निर्गुणी भजनं, नवे राग, बंदिशीकडे बघण्याची वेगळीच नजर. ज्यांना तो लहानगा चमत्कार पुन्हा हवा होता त्यांनी नाकं मुरडली. ‘हे ग्वाल्हेर नव्हे’, असं म्हणणारी माणसं इथं होती आणि अजून आहेत. माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात मी पुष्कळ संध्याकाळी घालवल्यात.

कुमारांचं गाणं मग टिकलं कसं? ते ‘कॅमेलिऑन’पेक्षा थोर होतं म्हणून, हे तर झालंच, त्यात शंका घेण्यात अर्थ नाही. पण आणखी एक कारण आहे, आणि माझ्या म्हणण्याचा गाभा तो आहे. कुमारांनी ते नवं गाणं चाळीस वर्षं बैठकीत मांडलं. ज्यांना १९५३ साली ते पटलं नाही, त्यांना १९५८ साली पुन्हा ऐकायला मिळालं, १९६५ साली पुन्हा. प्रत्येक वेळी थोडं निराळं. श्रोत्याचा कान तयार व्हायला अवधी मिळाला. अल्बमला तो मिळत नाही. बाहेर पडला त्या आठवड्यातच निकाल लागतो, आणि तो निकाल पहिल्या अल्बमसारखाच गोठतो. मग पुढची वीस वर्षं लोक एकमेकांचा निकाल ऐकतात. अल्बम कुणी ऐकत नाही.

म्हणून दुसऱ्या अल्बमला ‘नवीन की जुना’ हा प्रश्नच लावू नये असं मी म्हणतो. भरणी विचारावी. चौकट तीच असेल तर तिच्यात या खेपेला जीव ओतलाय का, की सवयीनं हात चाललेत? ‘अल्ट्रा बीटडाउन’बद्दल माझा भाचा जे म्हणाला ते या कसोटीवर मला बरंचसं पटतं. वेग आहे, सफाई आहे, त्यातल्या एका गाण्याला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. पण ताना आधी बसवून मग गाणं शोधल्यासारखं वाटतं. इथं तक्रार ‘तेच’ असण्याची नाही, रिकामं असण्याची आहे. आणि चौकट बदलली असेल तर निकालाची घाई करू नये, एवढंच.

वेगाच्या आणि वन्समोअरच्या या वेडाबद्दल लष्करात एक आख्यायिका सांगतात. ग्वाल्हेर घराण्याच्या हस्सू खाँ आणि हद्दू खाँ या भावांनी दरबारगायक बडे मोहम्मद खाँची तानबाजी लपून ऐकून उचलली. दरबारात हस्सू खाँनं मियाँमल्हारात ‘कडकबिजली’ नावाची जीवघेणी तान घेतली. बडे मोहम्मद खाँ वाहवा करून म्हणाले, पुन्हा एकदा होऊन जाऊ द्या. दुसऱ्यांदा घेताना बरगडी मोडली, तोंडातून रक्त आलं. आजोबा नत्थन पीरबख्श समोर बसले होते. त्यांनी म्हणे अंगावरच्या शालीनं रक्त पुसलं आणि सांगितलं, मरायचंच आहे तर तान पुरी करून मर. खरं किती, खोटं किती, कोण जाणे. पण श्रोत्याच्या बाजूनं पाहिलं तर ही गोष्ट भयंकर आहे. पहिल्यांदा जे झालं ते तसंच्या तसं पुन्हा मागणारा माणूस वाहवाच करत होता. गवयाचा जीव गेला तो त्या मागणीनं.

सोनाटा आर्क्टिकानं ही मागणी अक्षरशः पुरी करून पाहिली. पंधरा वर्षांनी, २०१४ मध्ये, त्यांनी ‘एक्लिप्टिका’ सगळा नव्यानं वाजवून, गाऊन काढला. गायक टोनी काक्कोचा आवाज तोवर प्रौढ झालेला, टिपेचा हट्ट उरलेला नाही. बऱ्याच चाहत्यांना हे नको होतं. ‘हात कशाला लावला?’ असा त्यांचा सूर. भाच्यानं तर ऐकायलाही नकार दिला होता. मी बळेच ऐकवला. माझ्या ग्वाल्हेरी कानाला ती त्या बँडची सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटली. पस्तिशी ओलांडलेल्या माणसानं विशीतली चीज पुन्हा घेतली, सूर उतरवून, आणि आपलं वय लपवलं नाही. आमच्याकडे सत्तरीतल्या गवयाकडून आपण हेच तर ऐकायला जातो. काही जागा विसाव्या वर्षी सुचतच नाहीत. मेटलवाल्यांनी गवयाला म्हातारं होण्याची मुभाच दिलेली नाही, हे त्यांच्या ऐकण्यातलं सगळ्यात मोठं व्यंग आहे असं मला वाटतं.

हॅलोवीनच्या बाबतीत ती मुभा उशिरा का होईना मिळाली. २०१७ साली हान्सेन आणि किस्के परत आले, डेरिसही राहिला, आणि तीन गायकांचा तो बँड जगभर फिरला. २०२१ मध्ये नुसतं ‘हॅलोवीन’ नाव असलेला अल्बम निघाला, जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच्या पुढचा ‘जायंट्स अँड मॉन्स्टर्स’ आला आणि जुनं भांडण नव्यानं सुरू झालं: २०२१ सारखा आहे की नाही, ‘कीपर’सारखा आहे की नाही. भाच्यानं पहिल्या रात्रीच निकाल देऊन टाकला. मी त्याला म्हटलं की हा अल्बम त्यांना पाच वर्षं मैफलीत वाजवू दे, मग बोलू. तो म्हणाला, पाच वर्षांनी ऐकणार कोण? त्यावर मी त्याला पुनर्मीलनाच्या त्या दौऱ्याचं ध्वनिमुद्रण लावून दिलं. २०१९ मध्ये ते निघालं. त्यात ‘कीपर’ची गाणी आहेतच, हजारो लोक गायकांच्या वरताण ओरडताहेत. पण त्यात ‘किड्स ऑफ द सेंच्युरी’सुद्धा आहे, १९९१ च्या त्याच थट्टेच्या अल्बममधलं, आणि त्यालाही लोक तसेच ओरडताहेत.